तिच्या बाजूचा ब्रेक

ती गेल्याचं मला दुपारी सव्वातीनला कळलं. तोवर मी रिंग रोडवर रिकाम्या गाडीपाशी उभा होतो.

सकाळी आम्ही नवरा-बायको मुलीकडे निघालो होतो. गाडी ती चालवत होती. वस्ती संपून आठ-नऊ किलोमीटर झाले असतील. तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं नेहमीसारखं, नीट. मग म्हणाली, "अहो, छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय. तुम्ही चालवा."

"मला कुठे येतं?"

"येईल."

मी दार उघडून पळत सुटलो. त्या टप्प्यात मोबाइलला रेंज नव्हती. अडीच किलोमीटर मागे ट्रक तोलायचा वजनकाटा होता. मी नोकरीभर वजनकाटे तपासायचं काम केलं, किराणा दुकानातल्या तराजूपासून ट्रकच्या काट्यापर्यंत. तो काटाही दर वर्षी मीच पास करायचो. मला दुसरी कुठली जागा सुचलीच नाही. काटेवाल्याने फोन लावला. अँब्युलन्स तिथूनच जाईल, रस्ता दाखवायला थांबा, असं पलीकडच्याने सांगितलं म्हणून मी थांबलो. अँब्युलन्स दुसऱ्याच बाजूने आली आणि तिला घेऊन गेली. काटेवाल्याच्या मोटरसायकलवरून मी गाडीपाशी परत पोचलो तेव्हा आत कुणी नव्हतं. इंडिकेटर चालू होता.

काटेवाला फोनपाशी थांबायला परत गेला. सव्वातीनला त्याची मोटरसायकल येताना दिसली. जवळ येऊन तो थांबला, पण खाली उतरला नाही. हेल्मेटही काढलं नाही. त्यावरून मी काय ते समजलो.

डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या तासात आणलं असतं तर..." अँब्युलन्सवरच्या माणसाने एक गोष्ट सांगितली, तिचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. त्याला ती स्टिअरिंगपाशी सापडली नव्हती. बाजूच्या सीटवर सापडली होती, मी बसलो होतो तिथे. दोन्ही पाय पुढे ताणलेले.

मला वाटलं, दुखत असेल म्हणून सरकली असेल.

गाडी आठ दिवसांनी घरी आली. मी सहज आत जाऊन माझ्या नेहमीच्या जागी बसलो. पाय सीटखाली ओढून घेतले. ही माझी तेवीस वर्षांची सवय. कारण त्या जागी पायाशी दोन पेडल आहेत, एक क्लच आणि एक ब्रेक. बायको गाडी चालवायला शिकवायची. शिकणारा स्टिअरिंगवर, ती बाजूला, आणि तिचे पाय त्या पेडलवर. दोन्हीकडची पेडल खालून लोखंडी रॉडने जोडलेली. इकडचं दाबलं की तिकडचंही खाली जातं. शिकणारा गोंधळला की ती गाडी थांबवायची. विद्यार्थी तिला मागे ब्रेकबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

तिने गावभर माणसांना गाडी शिकवली. नवऱ्याला सोडून. मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा भांडलो. "तू बोलायला लागलीस की मला तुझा विद्यार्थी असल्यासारखं वाटतं," मी म्हणालो होतो.

"मग स्टिअरिंगवर बसल्यावर कोण असता तुम्ही? माझे सासरे?"

त्या दिवशी, एकटी असताना, छातीत तसं होत असताना, ती गिअरवरून पाय टाकून पलीकडे गेली होती. दुखत होतं म्हणून नाही. मी परत येईन आणि स्टिअरिंगवर बसेन असं तिला वाटलं होतं. क्लच आणि ब्रेक ती बघणार होती. मी फक्त गाडी सरळ धरायची होती.

आणि मी वजनकाट्यावर उभा होतो.

त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती. त्या जागेपासून हॉस्पिटलपर्यंत मी गाडी नेली असती तर किती मिनिटं लागली असती. अर्ध्या तासाच्या आत की बाहेर. मी मापाचा माणूस आहे. साधारण, बहुतेक, कदाचित, यावर मला झोप येत नाही.

तिच्या शिकवणीच्या पिशवीत एक छोटा म्युझिक प्लेअर सापडला, काडेपेटीएवढा. हेडफोन लावून ऐकलं तर तिचाच आवाज. "अहो, बसलात का नीट? आरसा बघा. माझ्याकडे नका बघू, मी नाहीये इथे." माझ्यासाठी तिने धडे रेकॉर्ड करून ठेवले होते. चौदा. समोर बसून शिकवलं की मी चिडतो, म्हणून. मला देणार कधी होती, माहीत नाही. वाढदिवसाची वाट बघत असावी.

पहिल्याच धड्यात तिने बजावलं होतं, "कानात बोंडं घालून गाडी चालवायची नाही. हे गाडीच्या टेपवर लावायचं." गाडीची टेप जुनी, कॅसेटची. प्लेअरची वायर घालायला तिला भोकच नव्हतं.

मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

"काका, ही टेप तुमच्या लग्नाच्या आधीची दिसतेय."

"माझ्या लग्नानंतर सात वर्षांनी गाडी घेतली. टेप तिच्यातलीच आहे."

"तेच ते. काढून टाकू. ब्लूटूथवाला बसवतो, पिनचीसुद्धा कटकट नाही."

"हीच राहू दे."

त्याने आधी लायटरच्या भोकात एक छोटा ट्रान्समीटर खुपसला, त्याला प्लेअर जोडला आणि रेडिओ कुठलंच स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावला. नुसती खरखर. गाडीची एरियल कधीच तुटली होती. मग त्याने खणातून कॅसेटच्या आकाराचा एक डबा काढला. आत टेप नाही, कडेतून बारीक वायर, वायरच्या टोकाला पिन. पिन प्लेअरमध्ये घालायची, डबा टेपमध्ये ढकलायचा. टेपला वाटतं, कॅसेट फिरतेय. पहिल्या दोन वेळा टेपने टक-टक करून बाजू बदलली आणि डबा बाहेर थुंकला. त्याने डबा उघडला, आतलं एक दातेरी चाक काढून टाकलं, पुन्हा ढकलला. या वेळी तो आत राहिला.

"प्लेअरचा आवाज पाऊण ठेवा, टेपचा कमी. आणि वाजवताना चार्जर लावू नका, इंजिनची शिट्टी ऐकू येते," असं सांगता सांगता त्याने प्लेअरचं बटण दाबलं.

"अहो, बसलात का नीट?"

त्याने हात मागे घेतला. "ब्रेकबाई," तो म्हणाला. मग, "सॉरी काका. मी त्यांच्याकडेच शिकलोय." बराच वेळ तो फडक्याने हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

लर्निंग लायसन्स काढलं. बाजूला पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा असा नियम आहे. माझ्या बाजूला कुणी नव्हतं. गोदामांच्या मागे एक रुंद, मोकळा रस्ता आहे, सकाळी तिथे चिटपाखरू नसतं. तिथे मी रोज सात ते आठ जायचो.

पहिले तीन धडे सुरळीत गेले. चौथा क्लच सोडण्याचा. घरी हेडफोनवर तो अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. गाडीत संपला तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सव्वीस मिनिटं.

वाटलं, खड्ड्यांमुळे प्लेअर अडकत असेल. दुसऱ्या दिवशी गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून तोच धडा लावला. अकरा चाळीस. मग गाडी चालवत लावला. बावीस. तिसऱ्या दिवशी मला क्लच जमला. चौदा मिनिटांत झालं.

मी नीट कान देऊन ऐकलं. शब्द तेच होते. पण "आता सोडा" म्हटल्यावर पुढचं वाक्य माझ्या पायाने ते काम केल्यावरच यायचं. गाडी बंद पडली तर ते यायचंच नाही. मी पुन्हा चावी फिरवीपर्यंत स्पीकरमध्ये नुसती शांतता असायची. कुणीतरी गप्प बसून बघतंय अशी.

एकदा ओळीने चौथ्यांदा गाडी बंद पडली. स्पीकरमधून आवाज आला, "असू दे. पुन्हा करा."

हे वाक्य घरी हेडफोनवर नव्हतं. मी तो धडा तीन वेळा ऐकून खात्री केली.

मुलीला फोनवर सांगितलं, फक्त वेळेचं. ती म्हणाली, "बाबा, जुनं मशीन आहे ते. आणि तुम्ही एकटे गाडी चालवताय? गाडी विकून टाका. माझ्याकडे या राहायला."

"मला एकदा तो रस्ता चालवून बघायचाय. मग बघू."

"बघून काय होणारे, बाबा?"

मी फोन ठेवला.

नवव्या धड्याच्या दिवशी वेग थोडा वाढवला होता. गोदामाच्या भिंतीला लागून एक टेम्पो उभा होता. मी त्याच्या जवळून जाणार, एवढ्यात ब्रेक खाली गेला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. गाडी कचकन थांबली. त्याच क्षणी टेम्पोच्या पुढून एक सायकलवाला आडवा आला. माझ्याकडे न बघताच निघून गेला. त्याला काही कळलंच नाही.

मी खाली पाहिलं. बाजूच्या सीटपुढचा ब्रेक हळूहळू वर येत होता, पाय अलगद काढून घेतल्यासारखा.

तेवीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मी दाबणारच होतो."

स्पीकरमधून आवाज आला, "दाबणार होतात, हो."

मी गाडी ढकलतच इलेक्ट्रिशियनकडे नेली असती, पण जवळ कुणी ढकलायला नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये, टेप बंद ठेवून नेली. त्याने खाली झोपून रॉड पाहिला, हाताने ओढून पाहिला. "घट्ट आहे काका. आपोआप खाली जायचा प्रश्नच नाही. कुणीतरी दाबल्याशिवाय जात नाही." मग गाडीखालूनच विचारलं, "का? काय झालं?"

"काही नाही."

मी माझ्या पद्धतीने तपासायचं ठरवलं. एका बुधवारी सकाळी गाडी वजनकाट्यावर नेली. आधी माझ्याकडची प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. दहा किलोच्या टप्प्याने मोजणारा काटा, एकदम बरोबर. मग गाडी चढवली आणि मी खाली उतरलो.

"सातशे ऐंशी," काटेवाल्याने खिडकीतून सांगितलं.

मी गाडीत बसलो. माझं वजन अडुसष्ट.

"आठशे पन्नास."

बरोबर होतं. मी इंजिन सुरू केलं.

"आठशे पन्नास. काय करताय काय, काका?"

मी प्लेअरचं बटण दाबलं. "अहो, बसलात का नीट?"

खिडकीतून काही आवाज आला नाही. मी मान काढून पाहिलं. तो आकड्यांकडे बघत होता.

"सांग ना."

"नऊशे दहा," तो म्हणाला. "काटा बिघडला वाटतं."

"आत्ताच तपासलाय मी."

"हो, तेही आहे." तो खिडकीतून वाकून गाडीत बघायला लागला. "एकटेच आहात ना?"

बायकोचं वजन सत्तावन्न होतं. मी प्लेअर बंद केला. आकडा खाली आला का, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. गाडी उतरवताना मी दोनदा गिअर चुकवला.

चौदावा धडा राहिला होता. घरी हेडफोनवर त्यात बोलणं नव्हतंच. उभ्या गाडीचं इंजिन आणि इंडिकेटरची टिकटिक, शेवटपर्यंत तेवढंच. असा आवाज तिने कशाला रेकॉर्ड केला, मला कळेना. ती गेली त्या दिवशी प्लेअर घरात होता, पिशवीत. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होतो.

गुरुवारी मुलीचा फोन आला. गाडीला गिऱ्हाईक मिळालं होतं, रविवारी बघायला येणार होतं. "या वेळी नाही म्हणू नका हं," ती म्हणाली. मी नाही म्हटलं नाही.

शनिवारी सकाळी मी त्या जागी गेलो. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. अकरा वाजायला दहा मिनिटं. ऊन चढलं होतं. रस्त्याला अधूनमधून एखादा ट्रक. मी घड्याळ काढून डॅशबोर्डवर ठेवलं आणि चौदावा धडा लावला.

टिकटिक सुरू झाली. माझा इंडिकेटर बंद होता.

मी वाट पाहिली. एक ट्रक गेला, गाडी हलली, पुन्हा स्थिर झाली.

"अहो," ती म्हणाली. हा शिकवतानाचा आवाज नव्हता. "छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय. तुम्ही चालवा."

"हो," मी म्हणालो.

माझ्या पायाखालचा क्लच खाली गेला. मी दाबला नव्हता. मी गिअर टाकला. क्लच हळूहळू वर आला, मला कधीच जमला नव्हता इतका सावकाश, आणि गाडी निघाली.

"तुम्ही नुसतं स्टिअरिंग धरा. मी आहे."

मी स्टिअरिंग धरलं. बाजूला पाहिलं नाही. तिनेच शिकवलं होतं, बाजूला बघायचं नाही.

वस्ती सुरू झाली. सिग्नल. ब्रेक तिचा. पुन्हा क्लच, पुन्हा गिअर. ती मध्येच एखादा शब्द बोलायची. "आरसा." "डावीकडे रिक्षा." रिक्षा असायची. दोन शब्दांमधला श्वास मोठा होत चालला होता.

पुलावर ती म्हणाली, "घाई करू नका." त्यानंतर बोलली नाही.

पुलाच्या उतारावर ब्रेक आपोआप लागला नाही. मी लावला. पुढच्या चौकात क्लच दाबला गेला नाही. मी दाबला. आता सगळं मीच करत होतो. स्पीकरमधून फक्त श्वास येत होता, तुटक.

गिअर बदलताना हाताला वायर लागली. मी खाली पाहिलं. पिन प्लेअरमधून निघाली होती. नुसतीच लोंबत होती.

श्वास येत होता.

मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. माणसं बाजूला झाली. एक लाल सिग्नल मी तोडला.

हॉस्पिटलचं फाटक. इमर्जन्सीचा उतार. गाडी थांबली.

मी घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं.

एकोणीस.

हॉर्न ऐकून वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन धावत आला होता. माझ्याकडे न येता तो सरळ पलीकडच्या दाराकडे गेला. कडी ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा.

"काका, आतून लॉक आहे."

मी तेव्हा पहिल्यांदा तिकडे पाहिलं. सीट रिकामी होती. दाराच्या वरचं लॉकचं बटण खाली दाबलेलं होतं. मी ते दाबलं नव्हतं. त्या दाराला सकाळपासून मी हात लावला नव्हता.

त्याच्या बाजूच्या काचेवर ऊन होतं. त्याने काचेला दोन्ही तळवे टेकवले, त्यात चेहरा घातला आणि आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता तो विचारेल, पेशंट कुठाय.

त्याने विचारलं नाही. चेहरा मागे घेतला, आणि व्हीलचेअर एक पाऊल मागे ओढून पुन्हा नीट लावली. दार उघडायला जागा राहील अशी.

मी गाडी वळवली आणि घरी आणली.

प्लेअरची बॅटरी संपली आहे. मी ती भरलेली नाही. कॅसेटचा डबा टेपमध्येच आहे. मुलगी रागावली आहे, पण बोलते. रविवारी आलेल्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून सांगितलं. दुसरं येईल. ते चारही दारं उघडून बघणार, हे मलाही कळतं.

लॉकचं बटण अजून खालीच आहे. चावी माझ्या खिशात असते. तिच्या बाजूचं दार मी उघडलेलं नाही.